आपल्या भागाबद्दल वाचायचंय? गॅझेटिअर, लोककथा, जुनी देवळं आणि रहस्यकथा कुठून आणि कशा वाचायला घ्यायच्या

आपण राहतो त्या भागाबद्दल जरा नीट वाचावं असं एकदा मनात आलं की कुणाला तरी विचारलं जातं, आणि समोरून पन्नास पुस्तकांची यादी येते. त्यातली अर्धी आउट ऑफ प्रिंट, उरलेली जाडजूड, आणि पहिल्याच पुस्तकाच्या चाळीसाव्या पानावर गाडी अडते. मी उत्तर कोकणाबद्दल, म्हणजे ठाणे, पालघर, रायगडचा वरचा पट्टा आणि मुंबई याबद्दल बरीच वर्षं वाचतोय. कुठे अडायला होतं ते आता बऱ्यापैकी कळलंय, म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय. उदाहरणं माझ्या भागातली असतील, पण पद्धत महाराष्ट्रात कुठेही चालते.

माझं म्हणणं एकच आहे. इतिहास, लोककथा, वास्तू आणि रहस्यकथा अशी चार वेगळी कपाटं करू नका. एक छोटी जागा घ्या आणि तिच्याबद्दल चारही प्रकारच्या पुस्तकांत काय लिहिलंय ते शेजारी ठेवून वाचा. इतिहासात जे सुटतं ते ओवीत सापडतं, दंतकथेत जे फुगतं ते शिलालेखापाशी जागेवर येतं, आणि रस्ता, चाळ, स्टेशन, पोलीस चौकी यांचा रोजचा वावर तर रहस्यकथेइतका फारसा कुणी लिहूनच ठेवलेला नाही.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- वाचनालयाचं सभासदत्व. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम, बहुतेक ठिकाणी एवढंच लागतं. सरकारमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, जमलं तर जवळच्या अ वर्गाच्या वाचनालयात नाव घाला, संग्रह मोठा असतो आणि जुनी पुस्तकं टिकून असण्याची शक्यता जास्त.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश. पहिल्यांदा १८३१ साली आला, १८५७ची सुधारलेली आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येते. बखरीतले आणि जुन्या कागदांतले शब्द आजच्या कोशात मिळत नाहीत, यात मिळतात.
- मराठी विश्वकोश. ऑनलाइन फुकट आहे. कुठल्याही राजघराण्याचं नाव अडलं की आधी इथे बघा, नुसतं सर्च इंजिनवर टाकून जे पहिलं येईल ते वाचू नका.
- तुमच्या भागाचा नकाशा, ज्यावर गावांची नावं, नद्या, घाट दिसतात असा. मोबाईलवरचा चालेल पण प्रिंट काढून भिंतीवर लावलात तर त्याचा उपयोग फार होतो.
- एक जाड वही किंवा एक्सेलची शीट. त्यात काय लिहायचं ते शेवटी सांगतो.

मोडी लिपी लगेच शिकायची गरज नाही. महत्त्वाची साधनं देवनागरीत छापून झालेली आहेत, एकट्या वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड काढले, तेवढे वाचायलाच आयुष्य जाईल. पुढे गोडी लागली तर मोडीचे वर्ग भरपूर आहेत.

१. जागा छोटी निवडा

"कोकणाचा इतिहास" असा विषय घेऊ नका, "महाराष्ट्रातले किल्ले" तर नकोच. एक तालुका घ्या, एक नदीचं खोरं घ्या, किंवा एक बंदर आणि त्याच्या मागचा घाट घ्या. जागा लहान असली की तीच तीच नावं वेगवेगळ्या पुस्तकांत पुन्हा भेटायला लागतात आणि नावं ओळखीची झाली की वाचनाला वेग येतो. मोठा विषय घेतला की प्रत्येक पुस्तक नवीनच वाटतं आणि काहीच डोक्यात राहत नाही.

२. तुमचा भाग तेव्हा कुणाच्या हद्दीत होता ते आधी शोधा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग "आमच्या भागाबद्दल काहीच लिहिलेलं नाही" म्हणतात. लिहिलेलं असतं, दुसऱ्या नावाखाली असतं.

पनवेलचंच बघा. पनवेल आज रायगडमध्ये आहे, रायगडचं जुनं नाव कुलाबा (ते १९८१ साली बदललं), म्हणून माणूस गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रजांनी जिल्ह्यावार काढलेल्या माहितीच्या ग्रंथांचा, १८८३चा कुलाबा-जंजिऱ्याचा खंड उघडतो आणि पनवेल शोधत बसतो. पण गॅझेटिअर लिहिलं गेलं तेव्हा पनवेल आणि कर्जत दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते, त्यामुळे त्यांची माहिती १८८२च्या ठाण्याच्या खंडांत आहे. तसंच मुंबईच्या उपनगरांचं, वांद्रे, अंधेरी, बोरिवली हे सगळं तेव्हा साष्टी म्हणून ठाण्यात. पालघर जिल्हा तर २०१४चा, त्याचंही सगळं जुनं साहित्य ठाण्याच्या नावावर. सिंधुदुर्गवाल्यांनी रत्नागिरी आणि सावंतवाडी, नंदुरबारवाल्यांनी खानदेश, जालन्याने औरंगाबाद, लातूरने उस्मानाबाद, गडचिरोलीने चांदा असं शोधायचं.

दुसरं म्हणजे राज्य कुणाचं होतं. मुंबई इलाख्याचं जे प्रसिद्ध गॅझेटिअर आहे, जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेलं, त्यात विदर्भ आणि मराठवाडा नाहीच. मराठवाडा निजामाकडे होता, औरंगाबादचं गॅझेटिअर १८८४ साली निजामाच्या राज्यातून निघालं. वऱ्हाडाचं लायलचं गॅझेटिअर १८७०चं आहे, आणि नागपूरचं मध्य प्रांताच्या मालेत १९०८ साली रसेलने केलं. हे माहीत नसेल तर तुम्ही चुकीच्या कपाटासमोर उभे आहात.

स्पेलिंगचा त्रास वेगळाच. इंग्रजी पुस्तकांत वसई म्हणजे बसीन, ठाणे म्हणजे ठाना, पुणे म्हणजे पूना, सोलापूर म्हणजे शोलापूर, आणि सर्च करताना आजचं स्पेलिंग टाकलं की शून्य रिझल्ट. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या गावाची सगळी जुनी रूपं लिहून ठेवा. आणि एकाच नावाची दोन गावं असतील तर सावध. माहीम मुंबईतही आहे आणि केळव्याजवळही आहे, जुन्या पुस्तकात नुसतं "माहीम तालुका" दिसलं तर तो केळवे-माहीमचा, म्हणजे आजच्या पालघरचा.

३. गॅझेटिअर सलग वाचू नका

गॅझेटिअर पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर जमीन, पाऊस, झाडं, मासे यातच महिना जातो. ठाण्याचे तीन भाग आहेत, तेराव्या खंडाचे दोन आणि चौदावा. सुरुवात चौदाव्यापासून करा, त्यात गावं आणि प्रेक्षणीय ठिकाणं एबीसीडीच्या क्रमाने दिलीत. आपल्या गावाची नोंद काढा, मग शेजारच्या गावाची, मग बाजाराच्या गावाची. त्यानंतर इतिहासाचं प्रकरण, त्यानंतर व्यापाराचं. व्यापाराचं प्रकरण लोक टाळतात पण मला ते सगळ्यात आवडतं, कुठल्या घाटातून कुठला माल उतरायचा, कुठल्या बंदरात किती मोठी गलबतं यायची हे कळलं की गावं तिथेच का वसली ते आपोआप दिसायला लागतं.

जुना काळ वाचायचा असेल तर त्याच मालेच्या पहिल्या खंडाचा दुसरा भाग, १८९६चा, त्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी लिहिलेला दख्खनचा प्राचीन इतिहास आहे. जुना झालाय, पुढे नवे ताम्रपट सापडले, तारखा सरकल्या, तरी पहिली चौकट म्हणून तो अजून उभा आहे.

आता सावधगिरीची गोष्ट, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. गॅझेटिअर राज्य चालवायला लिहिलेलं पुस्तक आहे, सारा किती, माणसं कशी, त्रास कोण देईल, हे साहेबाला हवं होतं. त्यामुळे लोकसंख्येच्या प्रकरणात जातीजमातींची जी वर्णनं आहेत, अमके आळशी, तमके चोरटे, ती माहिती म्हणून उचलू नका. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो इतर प्रांतांत पसरला, आणि संपूर्ण समाज जन्मानेच गुन्हेगार ठरवले गेले. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. त्या पानांसोबत लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचा, ज्या समाजावर तो शिक्का होता त्याच समाजातल्या माणसाने स्वतःच्या घराबद्दल लिहिलेलं आहे, १९८८ साली त्याला साहित्य अकादमीही मिळालं. गॅझेटिअरच्या एका परिच्छेदाचा माणसांवर काय परिणाम होतो ते त्यातून कळतं.

४. बखरी आणि प्रवासवर्णनं: आवृत्ती बघा, मगच घ्या

बखर हातात आली की दोन प्रश्न विचारायचे. घटना कधीची आणि लिहिली कधी? सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर वीसेक वर्षांच्या आत, जिंजीला लिहिली गेली, लिहिणारा त्या दरबारातला माणूस. मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली. दोन्ही वाचा, पण एकाच वजनाने नको.

उत्तर कोकणासाठी 'महिकावतीची बखर' आहे, राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली. ही एका माणसाची एका बैठकीतली बखर नाही, वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली प्रकरणं एकत्र आलेली आहेत, काही पद्य काही गद्य. बिंब राजा, त्याच्यासोबत आलेली कुळं, कुणाला कुठलं गाव वतन मिळालं, असा सगळा मामला. वसई-पालघरकडच्या बऱ्याच घराण्यांची मूळकथा इथूनच सांगितली जाते. वाचताना एक लक्षात ठेवा, वतनाचा हक्क सांगण्यासाठीही बखरी लिहिल्या जायच्या, म्हणून जिथे कुळ आणि मान यांचा उल्लेख येतो तिथे जरा थांबून वाचायचं. राजवाड्यांची प्रस्तावना मोठी आहे आणि त्यांची मतं ठाम आहेत, ती आधी वाचू नका, आधी मूळ बखर वाचा.

आवृत्तीचं महत्त्व कळायला 'माझा प्रवास' घ्या. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी बाहेर पडले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. हे पुस्तक १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी छापलं, पण भाषा आणि मजकूर बदलून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी ते १९६६ साली आणलं. दुकानात दोन्ही परंपरेतल्या आवृत्त्या मिळतात आणि कव्हरवरून काही कळत नाही, म्हणून आतलं संपादकाचं निवेदन वाचून मगच घ्या.

मुंबईकरांनी गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' चुकवू नये. १८६३चं आहे, म्हणजे किल्ल्याचा तट पाडायचं काम चालू झालं त्या सुमाराचं, बोरीबंदरची इमारत, राजाबाई टॉवर यातलं काहीही तेव्हा नव्हतं. ते शहर डोळ्यासमोर आणायला याच्यासारखं मराठीत दुसरं पुस्तक नाही. पुण्यासाठी ना. वि. जोश्यांचं 'पुणे शहराचे वर्णन' आहे, १८६८चं.

सालांचं गणित एकदाच शिकून घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन (पौषाच्या सुमारास जानेवारी उजाडला की ७९), फसलीत साधारण ५९०, अरबी म्हणजे सुहूर सनात ५९९ किंवा ६००. हे वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून टाका.

५. लोककथा आणि ओव्या: सांगणारं कोण ते शोधा

या प्रकारात पुस्तकं ढिगाने आहेत आणि त्यातली बरीच निरुपयोगी, कारण "एका गावात अशी कथा सांगतात" एवढ्यावरच भागवलेलं असतं. कुठलं गाव, कुणी सांगितली, कधी ऐकली हे नसेल तर ती करमणूक म्हणून वाचा आणि सोडून द्या.

कोकणासाठी सुरुवात एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या १९१५च्या कोकणी लोकसमजुतींच्या टिपणांपासून करता येते. ही माहिती मुळात जॅक्सनने जमवलेली, नाशिकचा तोच कलेक्टर ज्याला अनंत कान्हेऱ्यांनी १९०९ साली गोळी घातली. गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरं मागवली होती आणि पुस्तकाची खरी किंमत तळटिपांत आहे, कारण तिथे कुठल्या गावच्या मास्तरांनी काय कळवलं ते दिलंय. तळटिपा चाळून आपल्या आसपासच्या शाळा शोधा. मर्यादा पण लक्षात घ्या, मास्तर शिकलेले पुरुष होते, बायकांचे विधी, डोंगरातल्या पाड्यांवरच्या गोष्टी त्यांच्यापर्यंत जेवढ्या पोचल्या तेवढ्याच.

म्हणून त्याच्या जोडीला ओव्या हव्यातच. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या बऱ्याच आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर गाणाऱ्या बाईच्या नावगावासकट वाचता येतात, ऐकताही येतात. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे संपादित केलेले खंड जुन्या वाचनालयांत हमखास असतात. साने गुरुजींचं 'स्त्रीजीवन' पण ओव्यांचंच आहे. ओव्यांत राजे फारसे येत नाहीत, पण सासरची वाट, नदीचा उतार, बाजाराचा दिवस, कुठल्या देवाला कोण नवस बोलतं, हे सगळं येतं, आणि ते गॅझेटिअरच्या व्यापाराच्या प्रकरणाशी ताडून बघायला फार मजा येते.

मग देवांकडे वळा. दुर्गा भागवतांचं 'लोकसाहित्याची रूपरेखा' आधी, म्हणजे कथा कशी तपासायची याची शिस्त येते. नंतर रा. चिं. ढेरे. त्यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' हे पुस्तक मला आजवर मराठीत वाचलेल्या सगळ्यात मोलाच्या पुस्तकांपैकी वाटतं, पण ते पहिलं घेऊ नका, संदर्भांची गर्दी आहे. 'खंडोबा'पासून सुरू करा.

६. देवळं, किल्ले, वाडे: एक वास्तू, चार पुस्तकं

इथे मी एकच वास्तू नीट दाखवतो, कारण सगळी पद्धत तिच्यात येते. अंबरनाथचं शिवमंदिर, वालधुनी नदीच्या काठी.

आधी गावात विचारा. सांगतात की पांडवांनी एका रात्रीत बांधलं. मग चौदाव्या खंडातली अंबरनाथची नोंद काढा, तिथे मोजमापं, मूर्ती, शिलालेख सगळं आहे. मग विचारा की हे हेमाडपंती आहे का, दहातले नऊ जण हो म्हणतील, पाट्यांवर पण तसंच लिहिलेलं दिसतं. आता शिलालेखाकडे या. शक ९८२, शिलाहार राजा मुम्मुणी. ९८२ अधिक ७८, म्हणजे इसवी सन १०६०. आणि हेमाद्री उर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. तो मंत्री झाला त्याच्या दोनेकशे वर्षं आधीपासून मंदिर उभं आहे!

चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं जुनं देऊळ दिसलं की त्याला हेमाडपंती म्हणायची सवय गॅझेटिअरच्या काळापासून पक्की झालीय, आणि नंतरच्या किती तरी पुस्तकांनी ती तशीच उचलली. त्यामुळे कुठल्याही पुस्तकात "हेमाडपंती" दिसलं की काळ म्हणून धरू नका, बांधायची रीत एवढाच अर्थ घ्या आणि शिलालेख आहे का ते शोधा.

मग चौथं पुस्तक, हेन्री कझिन्सचं दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचं, १९३१चं. त्यातले फोटो आणि आराखडे घेऊन प्रत्यक्ष देवळात जा. गाभारा मंडपाच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर बघितलं तर शिखराचा माथा उघडा, आभाळ दिसतं. बाहेरच्या भिंती इतक्या कोनांनी मोडलेल्या आहेत की ऊन सरकलं की मूर्तींची सावली बदलत जाते, हे कुठल्याही आराखड्यात कळत नाही. लेण्यांसाठी हीच पद्धत फर्ग्युसन आणि बर्जेसचं १८८०चं पुस्तक घेऊन करता येते. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, तिथेही सातवाहनांचे शिलालेख भिंतीवरच आहेत. आणि पांडवांची कथा खोटी निघाली म्हणून फेकू नका. बांधणारे विस्मरणात गेल्यावर गावाने त्या वास्तूला कुठल्या गोष्टीत बसवलं, ती त्या गावाची नोंद आहे, वहीत वेगळ्या रकान्यात लिहा.

किल्ल्यांची पुस्तकं भरमसाट आहेत, त्यातली बरीच एकमेकांवरून उतरवलेली. गो. नी. दांडेकरांचं 'दुर्गभ्रमणगाथा' ओढ लागण्यासाठी वाचा, तारखांसाठी मूळ साधनांकडे जा. वाड्यांवर वाचताना आधी शब्द गोळा करा, ओसरी, पडवी, माजघर, चौक, दिंडी दरवाजा, तुळई, खण, बळद, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर पुस्तकापेक्षा जास्त मिळतील.

७. रहस्यकथा: यांना शेवटी ठेवू नका

बरेच जण रहस्यकथा म्हणजे टाइमपास समजतात. पण डिटेक्टिव्हला चालावं लागतं, टॅक्सी पकडावी लागते, लॉजमध्ये नाव लिहावं लागतं, त्यामुळे त्या काळचं शहर आपोआप पानावर उतरतं. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास आणि दारा बुलंद, यातलं जे हाताला लागेल ते घ्या. भुताखेतांकडे ओढा असेल तर नारायण धारप, त्यांच्या कथांतले वाडे आणि एकाकी घरं वास्तूच्या पुस्तकांशेजारी वाचून बघा.

वाचताना मागचा कायदा माहीत असला की कथानक उलगडतं. मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला, म्हणून त्यानंतरच्या कथांत हातभट्टी, परमिट, चोरून आणलेली बाटली. १९६८ साली सुवर्ण नियंत्रण कायदा आला, म्हणून सोन्याची बिस्किटं, किनाऱ्यावर रात्री लागणारी होडी, कस्टमचा माणूस. हे सगळं लेखकाच्या कल्पनेतून आलं असं समजून वाचलं तर अर्धी गंमत जाते.

जुन्या मुंबईवर आज लिहिलेल्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्याही चांगल्या आहेत. नेव्ह मार्चची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' ही राजाबाई टॉवरवर १८९१ साली घडलेल्या खऱ्या मृत्यूंवर बेतलेली आहे. सुजाता मॅसीची पेरवीन मिस्त्री १९२०च्या दशकातली, वकील बाई. अशा पुस्तकांची परीक्षा सोपी आहे, इमारतींची सालं लावून बघा. राजाबाई टॉवर १८७८ला पूर्ण झाला, बोरीबंदरचं काम १८७८ ते १८८८ चाललं, घोड्यांची ट्राम १८७४ला आली, विजेची १९०७ला, शेवटची ट्राम १९६४ला गेली, गेटवे १९२४चा. १९१०मध्ये नायक पूर्ण बांधलेल्या गेटवेखाली उभा दिसला की लेखकाने अभ्यास केलेला नाही.

आणि लेखक तिथे गेलाय का हे बघा. कीटिंग या इंग्रज लेखकाचा इन्स्पेक्टर घोटे १९६४ साली 'द परफेक्ट मर्डर'मध्ये आला आणि जगभर गाजला, पण कीटिंगने तेव्हा मुंबई पाहिलेलीच नव्हती, तो दहाएक वर्षांनी पहिल्यांदा आला. पुस्तक चांगलंच आहे, फक्त त्यातल्या गल्ल्या शोधत फिरू नका.

उलटा धोका जास्त मोठा, कादंबरी इतिहास म्हणून वाचली जाणं. मेडोज टेलरचं १८३९चं ठगावरचं पुस्तक कादंबरी आहे, पण आजही लोक ठगांची माहिती म्हणून त्यातले प्रसंग सांगतात. पुण्याच्या घाशीराम कोतवालाचंही तसंच, तो मेला १७९१ला, मोरोबा कान्होबांचं पुस्तक १८६३चं, तेंडुलकरांचं नाटक १९७२चं, आणि लोकांच्या डोक्यात आज जो घाशीराम आहे तो बहुतेक नाटकातलाच.

८. पुस्तकं मिळवताना

जुनी गॅझेटिअर्स आणि कझिन्स वगैरे इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेली आहेत, महाराष्ट्र सरकारच्या दर्शनिका विभागानेही गॅझेटिअर्स ऑनलाइन टाकलीत. मराठी पुस्तकं तिथे शोधताना नावं विचित्र रोमन स्पेलिंगमध्ये असतात, अक्षरं डबल केलेली, म्हणून पुस्तकाच्या नावाऐवजी लेखकाचं आडनाव दोन-तीन प्रकारे टाकून बघा. डाउनलोड झाल्यावर आतलं मुखपृष्ठ तपासा, कधी कधी नाव एकाचं आणि पुस्तक दुसरंच असतं, कधी नकाशाची घडी न उघडताच स्कॅन केलेली असते. नकाशासाठी मग छापील प्रत गाठावी लागते. ती मुंबईत एशियाटिक सोसायटी किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा डेक्कन कॉलेज अशा ठिकाणी. जाण्याआधी फोन करून वेळ, ओळखपत्र, शिफारसपत्र लागतं का आणि फोटो काढू देतात का एवढं विचारून घ्या.

कॉपीराइटचं सोपं आहे, लेखक गेल्यानंतर ६० वर्षं. राजवाडे १९२६ला गेले, ते मोकळे. ढेरे २०१६ला, अर्नाळकर १९९६ला, त्यांच्या पीडीएफ फिरतात पण त्या घेऊ नका, विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा. रहस्यकथांची जुनी पॉकेटबुकं मात्र रद्दीत जास्त मिळतात, बऱ्याच वेळा त्यांच्यावर सालच नसतं, तेव्हा शेवटच्या पानावरच्या जाहिराती आणि किंमत बघून अंदाज बांधायचा.

९. वहीत काय लिहायचं

प्रत्येक जागेला एक पान, त्यावर पाच रकाने: पुस्तक काय सांगतं, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याला हे कुठून कळलं, आणि मी जाऊन पाहिलं तर काय दिसलं. चौथा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा राहतो आणि पुढचं पुस्तक कुठलं शोधायचं ते तोच सांगतो. वसईच्या पानावर माझ्याकडे एक ओळ अशी आहे की १७३९ला किल्ला घेतल्यावर चर्चच्या घंटा मराठ्यांनी देशावरच्या देवळांत नेल्या. हे जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा तर सगळेच दाखवतात. पण प्रत्येक घंटा वसईचीच कशावरून? म्हणून चौथ्या रकान्यात "घंटेवरची अक्षरं वाचणे" एवढं लिहिलंय. तुमच्या गावच्या देवळात रोमन अक्षरांची, क्रॉस कोरलेली अशी घंटा असेल तर पुजाऱ्यांची परवानगी घेऊन अक्षरांचा जवळून फोटो काढा, साल दिसतंय का बघा, आणि गावात तिची काय गोष्ट सांगतात तीही त्याच दिवशी लिहून घ्या.